खांडीतला माणूस

मानपत्राचा खर्डा किमया वाचायला लागली तेव्हा दत्तूभाऊ ओटीवरच्या खुर्चीत बसले होते. दुसऱ्या परिच्छेदाला ते उठले, तिसऱ्याला परसात गेले आणि कोणी सांगितलं नसताना कोंबड्यांना पाणी घालून आले.

"काका, कौतुक तुमचं चाललंय. कोंबड्या कुठं पळून जातायत का?" किमया म्हणाली. ती त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, पेणच्या कॉलेजात मराठी शिकवते. मानपत्र लिहायचं काम सत्कार करणाऱ्या पेणच्या मंडळानं तिच्याकडे सोपवलं होतं आणि तिनं ते जीव ओतून केलं होतं.

दत्तात्रेय घरत म्हणजे कासूच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाला असलेल्या कोपरखारचे दत्तूभाऊ. वय बासष्ट. बाप मिठागरावर राबून गेला. यांनी तीस वर्षं रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट केली आणि उरलेल्या वेळात दोन एकर खारी शेती. एवढ्यावर कोणी कोणाला शाल घालत नाही. शाल होती ती खांडीबद्दल. वीस वर्षांपूर्वी आषाढात खाडीकडचा बांध फुटला, आणि बांधाला पडणाऱ्या भगदाडाला इकडे खांड म्हणतात. ती खांड बुजवताना दत्तूभाऊ चार तास छातीभर पाण्यात, भगदाडाच्या अगदी तोंडाशी उभे राहिले होते. गाव वाचलं. तेव्हापासून कोपरखारमध्ये दत्तूभाऊ म्हणजे दत्तूभाऊ.

पण गावाला त्यांच्या खांडीपेक्षा त्यांच्या नम्रतेचा अभिमान जास्त. कुठंही खांडीचा विषय निघाला की हा माणूस मान खाली घालणार, "गावानं केलं, मी कोन?" एवढं पुटपुटणार आणि चहा अर्धा टाकून उठणार. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या पोरांना म्हातारे सांगायचे, "दत्तूकडं बघा जरा. एवढं केलं, पन कधी तोंडातनं शब्द काढला?" मानपत्राचा अख्खा शेवटचा परिच्छेद किमयानं याच गुणावर खर्च केला होता. नम्रतेचं एक बरं असतं, आत काय भरलंय ते कोणी उघडून बघत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

किमया पुढे वाचत होती. "गटारीच्या नशेत कर्तव्य विसरलेल्या उघाडीच्या राखणदाराच्या बेफिकिरीने फुटलेला बांध..."

"ते वाक्य नको," दत्तूभाऊ दारातून म्हणाले.

"का? काळुराम पिऊन पडला होता म्हणूनच फुटला ना? मी लहानपणापासून ऐकतेय. नाव घातलं नाही मी त्याचं."

"नाव नसलं तरी गाव काय मुकं हाय?"

"बघा, म्हणजे त्याचीसुद्धा तुम्हाला दया!" किमया हसली आणि नम्रतेच्या परिच्छेदात आणखी एक ओळ घालता येईल का याचा विचार करू लागली. दत्तूभाऊंनी चपला घातल्या आणि बांधाच्या दिशेनं चालते झाले. भर दुपारी, छत्रीशिवाय.

सत्काराला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यांनी एकाच कुंपणाचे खांब दोनदा ठोकले. जेवायला बसले की पाणी प्यायला उठायचे आणि पाणी पिऊन झालं की जेवायचं विसरायचे. "पायाला भिंगरी लागली का काय तुमच्या?" त्यांची बायको सरू वैतागून म्हणाली. "शाल घेताना तरी एका जागी उभं ऱ्हाल ना?"

आता खरं काय झालं होतं ते सांगून टाकतो. दत्तूभाऊंच्या भरवशावर बसलो तर आणखी वीस वर्षं जातील.

खाडीकाठच्या बांधात एक दरवाजा असतो, उघाडी. तिच्या लाकडी झडपा अशा बसवलेल्या की ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ढकलून बाहेर पडतं आणि भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं झडपा आपोआप मिटतात. खारं पाणी आत यायचं नाही, आलं की भाताचा खेळ खलास. झडपांवर नजर ठेवायला गावानं काळुराम ठेवला होता. घरटी दोन पायली भात हा त्याचा पगार. पण झडप मिटली की खारं पाणी अडतं तसा जिताडा मासाही अडतो, आणि पेण-अलिबागकडच्या माणसाला जिताडा म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून कोणी कोणी भांगाच्या दिवसांत, भरतीला जोर नसताना, झडपेत एखादं लाकूड अडकवतो. फटीतून थोडं पाणी, थोडी पिल्लं आत येतात, ती घराजवळच्या तळ्यात सोडायची. उधाण यायच्या आत लाकूड काढून घ्यायचं. सगळे करतात, कोणी बोलत नाही.

त्या आषाढात अष्टमीला दत्तूभाऊंनी लाकूड लावलं. कंपनीतून आणलेल्या पॅलेटचा तुकडा, निळ्या रंगाचा. एकादशीला काढायचं ठरलं होतं. पण रोह्याला दुसरा माणूस कामावर आला नाही आणि साहेबानं यांना डबलवर डबल लावली. चार रात्री ते कंपनीतच झोपले. मिठागरवाल्याचा मुलगा, ज्याचा बाप झोपेतही तिथी सांगायचा, तो आज फर्स्ट शिफ्ट की सेकंड एवढंच मोजू लागला. तिथी हातातून सुटली. त्यांच्या हिशेबानं त्रयोदशी होती. सकाळी दहाला कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "आज लवकर सुटायचंय, गटारी हाय," आणि दत्तूभाऊंच्या हातातला वडा तसाच राहिला. गटारी म्हणजे अमावास्या. अमावास्या म्हणजे उधाण, भर बाराला.

ते गेटवरून पळाले. मिळेल त्या टेम्पोनं कासूपर्यंत आले, तिथून चिखलातून धावत गावात. पोचले तेव्हा उघाडीच्या बगलेचा बांध वाहून गेला होता. अडकलेल्या झडपेतून पाणी जोरात घुसलं, बाजूची माती खात गेलं आणि वीस हात बांध घेऊन गेलं. घराघरांत मटण शिजत होतं आणि शेतात समुद्र उभा होता. काळुराम सकाळपासून ढोसून उघाडीच्या खोपटात आडवा पडला होता. लोकांनी त्याला तसाच ओढून बाहेर काढला. मग कोणी कशाला लाकूड शोधतंय?

दत्तूभाऊंनी तोंड उघडलं नाही. त्या क्षणी नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गावानं काळुरामला काढून टाकलं. तो बायकोपोरीला घेऊन निडीला गेला तो कायमचाच. पुढचा भांग येईपर्यंत आठ दिवस रोज दोन वेळा खारं पाणी शेतात येत राहिलं. खांडीच्या तोंडाशी पुतळीचं शेत होतं. तिचा नवरा आदल्याच वर्षी गेला होता आणि त्या जमिनीत पुढची तीन वर्षं भाताची काडी उगवली नाही.

पुढच्या अष्टमीच्या ओहोटीला घरटी एक माणूस बांधावर आला. अशा वेळी रांग लावतात, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जातात आणि रांगेच्या टोकाचा माणूस पाण्यात उभा राहून ती बसवतो. प्रवाह त्याच्या अंगावर येतो. दत्तूभाऊ न विचारता टोकाला जाऊन उभे राहिले. दोनदा लोकांनी त्यांना ओढून बदली द्यायचा प्रयत्न केला, तर ते अंगावर ओरडले. लोकांना वाटलं, केवढं हे काळीज! ते काळीज नव्हतं. ती पाण्याखाली तोंड लपवायची धडपड होती. आणि रांगेत एकसष्ट माणसं असली तरी बांधावरून बघणाऱ्याला शेवटचा हातच दिसतो.

तर अशी ही नम्रता. मान खाली जायची कारण ती वर उचलवत नव्हती. खाई त्याला खवखवे, आणि इथं तर वीस वर्षं खवखवत होतं आणि लोक त्यालाच संस्कार म्हणत होते.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी दत्तूभाऊंनी कासूला गाडी पकडली. सरूला सांगितलं, रोह्याला पेन्शनचं काम आहे. तिकीट काढलं निडीचं. नागोठणं गेलं, निडी आलं, गाडी थांबली, दत्तूभाऊ दारापर्यंत गेले आणि दांडा धरून उभे राहिले. गाडी सुटली. मग रोह्यापर्यंत जाणं आलंच. रोह्याला उतरून ते कुंडलिकेच्या काठी गेले, तिथं पाच मिनिटं बसवेना म्हणून बाजारात गेले, बाजारात नको असलेलं दोन किलोचं कलिंगड घेतलं, ते हातात घेऊन बसस्टँडवर तीन चकरा मारल्या. शेवटी मिनीडोरवाला ओरडला, "निडी, नागोठणं, बसताय का नुसतं बघताय?" तेव्हा बसले.

काळुराम मुलीच्या घराच्या पडवीत बसून जाळ्याची भोकं सांधत होता. ऐंशीच्या घरातला माणूस, हात कापत होते, पण गाठ बरोबर पडत होती. त्यानं वर बघितलं आणि ओळखलं.

"ये दत्तू. उन्हाचा आलास. बस."

दत्तूभाऊ बसले, उठले, कलिंगड ठेवलं, पुन्हा बसले. पावसाची चौकशी केली, गुडघ्यांची केली, नातवंडांची केली. काळुरामनं पाव तास ऐकून घेतलं.

"ताकाला येऊन भांडं लपवू नको," तो म्हणाला. "पेनला सत्कार हाय तुजा. लेक वाचून दाखवीत व्हती मोबाईलवर."

"नाना," दत्तूभाऊ म्हणाले, "त्या वर्षी झडपेत..."

"निळं लाकूड."

काळुराम जाळ्याकडे बघत बोलत राहिला. "ओहोटी लागली तवा मी उघाडीत उतरलो. उतरली व्हती माजी तवर. बिजागरीत अडकलेला व्हता तुकडा. कंपनीत तू एकलाच जायचास गावातनं. मी तो उपसला आनि खाडीत फेकून दिला."

"फेकून दिलास? नाना, तो दाखवला असतास तर तुजी सुटका व्हती!"

"कशी? सगला गाव वासावरनं सांगत व्हता मी कुठल्या बाटलीतली प्यालोय. लोक बोलले असते, बेवडा आता दुसऱ्यावर ढकलतोय. आनि दुसरं सांगू? लाकूड तुजं असो नायतर देवाचं, झडप बघायचं काम माजं व्हतं. उधानाच्या दिवशी फेरी मारली असती तर दिसलं असतं. मी पडलो व्हतो. तेवढं माज्या पदरात हाय आनि ते मी कोनाला देनार नाय." त्यानं सुतळी दातानं तोडली. "पन अख्खा बांध माज्या पदरात घातलात तुमी. एक गोष्ट मना अजून लागते. खांड बांधायला मी निडीवरनं आलो व्हतो. मना कोनी रांगेत घेतला नाय. चिखलाला हात लावू दिला नाय. मी लांब बसून बघत व्हतो तुला."

दत्तूभाऊंना रडू आवरलं नाही. ते पंच्यानं तोंड पुसत राहिले आणि काळुराम पुढचं भोक शोधत राहिला.

"किमयाला सांगून ते वाक्य काढतो," दत्तूभाऊ म्हणाले.

"काढ. कागद सुधारंल. गावाच्या तोंडात हाय त्याचं काय करशील?"

"मग काय करू? सत्कार घेत नाय मी. सांगतो, मी काय पन केलेलं नाय."

आता मात्र काळुराम चिडला. "हेच! हेच करत आलास तू! चार तास उभा व्हतास ना? मी बघितलंय. ती पन खोटी गोष्ट नाय. मी काय केलंच नाय, मी कोन, असं बोलून बोलून तू लोकांना आणखी भुलवलंस. जेवढं केलंस तेवढं सांग. कमी नको, जास्ती नको. तेवढं जमंना तर घरी बस." आणि लेकीला हाक मारून त्यानं कलिंगड कापायला सांगितलं, जणू विषय संपला.

तो संपला कुठं होता! परतीच्या गाडीत दत्तूभाऊ कासूपर्यंत उभेच होते. रात्री किमयाला फोन केला आणि वाक्य काढायला लावलं. तिनं कुरकुर करत काढलं. आता खरं म्हणजे सगळं सोपं झालं होतं. वाक्य नव्हतं, काळुराम कोणाला सांगणार नव्हता, लाकूड खाडीत गेलं होतं. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, घरी यायचं. हा सोपा रस्ता दिसल्यापासून त्यांची तगमग दुप्पट झाली.

पेणच्या सभागृहात दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरखारहून दोन टेम्पो भरून माणसं आली. पहिल्या रांगेत मंडळानं पुतळीला मुद्दाम बसवलं होतं, सर्वांत जास्त सोसलेलं घर म्हणून. किमयानं मानपत्र वाचलं, फार सुंदर वाचलं. नम्रतेच्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल उलगडली, तर सत्कारमूर्ती त्यांच्या हातातून निसटून माइकपाशी गेले.

"आदी बोलतो. मग शाल घालायची का ते ठरवा," दत्तूभाऊ म्हणाले. "काळुरामनं बांध फोडला नाय. मी फोडला."

सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो काही थांबेना. अध्यक्षांनी दुसरा माइक ओढला. "पाहिलंत? याला म्हणतात मोठेपणा! दुसऱ्याची चूक स्वतःच्या माथी घेणारा माणूस आज कुठं मिळतो?" पुन्हा टाळ्या. सरूनं पदरानं डोळे टिपले.

दत्तूभाऊ वेड्यासारखे बघत राहिले. वीस वर्षं त्यांनी लोकांना हेच तर शिकवलं होतं, की हा माणूस स्वतःबद्दल वाईट बोलला की ते खरं धरायचं नाही.

"अरे टाळ्या काय वाजवता? बंद करा!" ते ओरडले. माइक किंचाळला. "अष्टमीला मी झडपेत लाकूड लावलं. जिताड्यासाठी. कंपनीतल्या पॅलेटचं, निळं. एकादशीला काढनार व्हतो, डबल ड्यूटी लागली, तिथी चुकलो. दोन वर्षांनी माज्या पोरीच्या साखरपुड्याला तुमी सगले जेवलात. ताटात जिताडा व्हता, एवढाला. बोटं चाटून खाल्लात. तवा कोनी इचारलं का मना, दत्तू, एवढे जिताडे तुज्या तळ्यात आले कुठनं?"

टाळ्या एकेक करून विझल्या. मागच्या रांगेत कोणीतरी कोणाकडे तरी बघितलं. जेवलेले सगळे होते.

"काळुराम प्याला व्हता, त्यानं फेरी मारली नाय, ते तो स्वतः सांगतो. पन त्याला गावातनं काढलं ते माज्या लाकडापायी. मी बोललो नाय. खांडीत मी उभा व्हतो, ते पन खरं हाय. माज्या मागं एकसष्ट मानसं उभी व्हती, त्यांची नावं या कागदात नायत. बस. एवढंच हाय. कमी नाय, जास्ती नाय."

किमया हातातलं मानपत्र घेऊन तशीच उभी होती. अध्यक्षांना शालीचं काय करावं कळेना. ते ती घडी घालू लागले, मग थांबले. सरूनं पदर तोंडावर ओढला होता. गावातला एक म्हातारा उठून बाहेर चालता झाला आणि दार मोठ्यानं आपटलं. दत्तूभाऊ माइकच्या दांड्याला धरून उभे होते. त्यांना वाटलं होतं, बोललं की हलकं वाटेल. हलकं वगैरे काही वाटलं नाही. पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं.

पहिल्या रांगेतून पुतळी उठली. सत्तरीची बाई, गुडघ्यावर हात देत व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. कोणी तिला हात दिला नाही, कोणाला सुचलंच नाही. ती दत्तूभाऊंसमोर येऊन उभी राहिली. माइक चालू होता.

"भावजी," ती म्हणाली, "शेत गेलं त्या तीन वर्षांत दर दिवालीला तुमी माज्या दारात तांदलाचं पोतं ठेवून जायचात. हाक न मारता. मना कळायचं, तुमीच ते. मी पोरांना सांगायची, देव असाच असतो, दिसत नाय. तीन वर्षं मी तुमच्या नावानं दिवा लावला."

पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"म्हंजे तो तांदूळ माजाच व्हता."

"व्हय गो वयनी," दत्तूभाऊ म्हणाले, "तुजाच व्हता."